पहिली मॅरेथॉन आणि नंतरची साधना

(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी मला आज्ञा केली की, तरुणांना बोधाचे चार शब्द सांगावेत. बोध करण्याची सवय मला शिक्षकीच्या पेशाने लागलेली आहे. आणि तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्याची सवय तरुणांना त्याहूनही जुनी आहे. तेव्हा केवळ बोध न करता मी आज एका माणसाची हकीकत सांगणार आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत भूगोल व मराठी शिकविणारा मनुष्य. धावण्याच्या शास्त्रात माझा अधिकार तो काय असणार? परंतु ज्यांची हकीकत मी सांगणार आहे तेही भूगोल शिकविणारे एक शिक्षकच होते, एवढ्या नात्याने मी हे धाडस करीत आहे.

विषय निवडण्याचे कारण आपणां सर्वांच्या घरातच आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्यानंतर गावोगावी अशा शर्यती निघाल्या, आणि आपल्या समाजातील मुलगे, मुली, सुनाही पहाटे उठून धावू लागल्या. ही गोष्ट अभिनंदनीय आहे. मात्र पहिल्या शर्यतीनंतर दोन प्रकारचे तरुण माझ्या पाहण्यात येतात. एकाला पदक मिळते आणि लगेच पुढच्या महिन्यात दुसरी शर्यत धावण्याची घाई होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातला प्रकार. दुसरा अर्ध्या वाटेत बसतो आणि लाजेने पुन्हा बूट बांधीतच नाही. या दोघांनाही उपयोगी पडेल असे चरित्र जपानच्या शिझो कानाकुरी यांचे आहे.

कानाकुरीचा जन्म १८९१ साली जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर कुमामोतो प्रांतात झाला. पुढे तो तोक्योच्या उच्च अध्यापन विद्यालयात शिकावयास गेला. त्या विद्यालयाचे प्रमुख जिगोरो कानो हे ज्यूदो या विद्येचे जनक आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले आशियातील पहिले सभासद. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडावेत म्हणून १९११ च्या नोव्हेंबरात त्यांनी चाचणी घेतली. सुमारे पंचवीस मैलांची ही दौड कानाकुरीने २ तास ३२ मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली. अंतराची मोजणी त्या काळी आजच्याइतकी काटेकोर नसे. तरीपण हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले. घरच्या अंगणातील ही परीक्षा झाली. खरी मॅरेथॉन पुढे होती.

जपानमधून त्या ऑलिंपिकला दोनच खेळाडू गेले. प्रवासखर्च परवडण्यासारखा नव्हता. तेव्हा सहाध्यायांनी वर्गणी गोळा केली. ज्या संस्थेची शिष्यवृत्ती घरोघरच्या वर्गणीवर चालते, त्या संस्थेच्या सभासदांना या पैशाचे वजन किती असते हे मी सांगावयास नको. प्रथम आगबोट व नंतर सैबेरियातून जाणारी आगगाडी, असा सुमारे अठरा दिवसांचा प्रवास करून तो स्वीडनला पोहोचला. सोबतचे प्रशिक्षक क्षयाने आजारी होते. अन्न अनोळखी होते. उन्हाळ्यात त्या देशात रात्रीही पुरता काळोख होत नाही, त्यामुळे झोप लागेना.

१४ जुलै १९१२ रोजी शर्यत झाली. उत्तरेकडील त्या थंड देशात त्या दिवशी उष्णता ३२ अंशांच्या घरात गेली होती. दक्षिण आफ्रिकेचा मॅकार्थर २ तास ३६ मिनिटे ५४.८ सेकंदांत पहिला आला. परंतु धावावयास निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. पोर्तुगालचा लाझारो हा तरुण वाटेत कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगाला चरबीचा लेप लावला होता, त्यामुळे घामाचा मार्गच बंद झाला असे सांगतात. आपला कानाकुरी पायांत जपानी ताबी, म्हणजे अंगठा वेगळा ठेवलेले कापडी पायताण, घालून धावत होता. तेथील कठीण रस्त्यांनी त्याचे पाय आधीच दुखावले होते. सुमारे २७ किलोमीटर झाल्यावर उन्हाने त्याचे भान हरपले. स्टॉकहोमजवळील सोलेन्तुना येथे एका कुटुंबाने त्याला आपल्या बागेत आश्रय दिला, प्यावयास सरबत दिले, विश्रांती दिली. शुद्धीवर आल्यावर तो आगगाडीने शहरात परतला. परंतु आपण शर्यत सोडली हे त्याने अधिकाऱ्यांना कळविले नाही.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. वीस वर्षांचा मुलगा. सहाध्यायांच्या वर्गणीवर गेलेला, सगळ्या देशाचे डोळे त्याच्याकडे लागलेले. त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल? तिकडे कागदोपत्री त्याचा पत्ताच नव्हता. धावावयास निघाला, शेवटास पोहोचला नाही आणि सोडल्याचीही नोंद नाही. म्हणून स्वीडनमध्ये तो 'बेपत्ता धावपटू' ठरला, आणि ही आख्यायिका पुढे अर्धशतक टिकली. पराभवाहून पराभवाची लाज मोठी असते. लाजेने माणूस मागच्या दाराने निघून जातो, आणि मग जगाच्या दृष्टीने तो खरोखरच हरवतो.

कानाकुरी मात्र स्वतःच्या दृष्टीने हरवला नाही. या अनुभवातून शिकून पुन्हा यावयाचे, असा निश्चय त्याने केला. "अपयश ही यशाची पहिली पायरी" असे आपण मुलांना नेहमी सांगतो. माझे म्हणणे इतकेच की, पायरी ही आपोआप वर नेत नाही. तिच्यावर पाय ठेवून उभे राहावे लागते. त्याने काय केले? दैवाला बोल लावला नाही. आपल्याला कशाने पाडले याची कारणे वेगवेगळी केली व एकेका कारणावर वेगळा उपाय शोधला.

पहिले कारण ऊन. तो उन्हाळ्यात समुद्रकाठच्या तातेयामा येथे जाऊन भर उन्हात धावण्याचा सराव करू लागला. शरीराला उष्णतेची सवय हळूहळू लावता येते हे त्याने अनुभवाने ओळखले. आज वैद्यकशास्त्रही सांगते की, दहा-चौदा दिवस बेताबेताने सराव केला म्हणजे घाम लवकर सुटू लागतो व रक्ताभिसरण उन्हाला सरावते. दुसरे कारण पायताण. तोक्योतील ताबी शिवणाऱ्या एका कारागिराच्या मदतीने त्याने ताबीत वर्षानुवर्षे सुधारणा केल्या व तिला रबराचा तळ बसविला. ही ताबी पुढे 'कानाकुरी ताबी' म्हणूनच विकली जाऊ लागली. तिसरे कारण एकटेपणा. ज्याला बरोबरीने धावणारा कोणी नाही, त्याला आपली उणीव कळत नाही. या तिसऱ्या कारणावरचा उपाय सर्वांत मोठा ठरला.

शिक्षण पुरे झाल्यावर कानाकुरी शिक्षक झाले. तेव्हा आता त्यांचा एकेरी उल्लेख पुरे. १९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला व्हावयाचे होते. त्यांनी चार वर्षे त्यासाठी तयारी केली. वय पंचवीस, शरीर ऐन भरात. परंतु महायुद्ध पेटले व ते ऑलिंपिक रद्द झाले! चार वर्षांच्या तपश्चर्येचे फळ हातातोंडाशी येऊन गेले. दुसरा कोणी असता तर "माझ्या नशिबातच नाही" म्हणून खुर्चीत बसला असता. यांनी उलट विचार केला की, मला एकट्याला संधी नाही, तर पुष्कळ जणांना तयार करू.

१९१७ च्या एप्रिलात क्योतोहून तोक्योपर्यंत पाचशे किलोमीटरांहून अधिक लांबीची एक टप्प्याटप्प्याची शर्यत झाली. तिला जपानीत 'एकिदेन' म्हणतात. आपल्याकडे पूर्वी डाकेचे हलकारे चौकीचौकीला थैली पुढच्याच्या हवाली करीत, तोच हा प्रकार. फक्त येथे थैलीऐवजी खांद्यावरून तिरकस घेतलेला कापडी पट्टा असतो. या शर्यतीत शेवटचा टप्पा धावून तोक्योत प्रवेश करणारे व आपल्या संघाला जय मिळवून देणारे कानाकुरीच होते. पुढे त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या फेब्रुवारीत तोक्यो ते हाकोने व परत अशी विद्यार्थ्यांची एकिदेन सुरू झाली. पहिल्या वर्षी अवघ्या चार शिक्षणसंस्था उतरल्या होत्या. आज ही शर्यत दरवर्षी २ व ३ जानेवारीला होते. प्रत्येक संघाचे दहा धावपटू मिळून २१७ किलोमीटरांचे अंतर तोडतात, आणि सारा जपान ती घरी बसून पाहतो. २००४ पासून तीत कानाकुरी यांच्या नावाचे पारितोषिकही दिले जाते. एका माणसाच्या पराभवातून जन्मास आलेल्या संस्थेने शंभरी ओलांडली आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग सांगतो. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरलेल्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरने अधिक. या वेळी हवा थंड व पावसाळी होती. उन्हाचा एवढा सराव केला, तर समोर पाऊस उभा! कानाकुरी सोळावे आले. वेळ २ तास ४८ मिनिटे ४५.४ सेकंद. त्याच शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले धावत होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या व सर दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नांनी भारताचा जो पहिला चमू ऑलिंपिकला गेला, त्यात ते होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. म्हणजे कानाकुरी व चौगुले यांच्यात अवघ्या दोन मिनिटांचे अंतर होते. चौगुल्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. त्याच चमूतील रणधीर शिंदे यांचे कुस्तीतील पदक थोडक्यात हुकले; ते चौथे आले.

या दोन मिनिटांचा मी पुष्कळ विचार केला आहे. अँटवर्पच्या रस्त्यावर आशियातील हे दोन तरुण जवळजवळ बरोबरीचे होते. पुढे जपानमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तयार झाल्या. आपल्याकडे चौगुल्यांचे नाव आज किती घरांत ठाऊक आहे? अंगच्या गुणांत आपण उणे होतो असे हा निकाल सांगत नाही. उणीव पडली ती पट्टा हातात घ्यावयाला पुढच्या चौकीवर माणूस उभा करण्यात.

१९२४ साली पॅरिसला कानाकुरी पुन्हा धावले, आणि पुन्हा त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. धीराने साधना केली म्हणजे पदक मिळतेच, असे खोटे आश्वासन मी तरुणांना देणार नाही. ऑलिंपिकचे पदक त्यांना कधीच मिळाले नाही. पण १९५१ साली हिरोशिमाचा शिगेकी तानाका हा तरुण अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉन जिंकला, तेव्हा त्याच्या पायांत अंगठा वेगळा असलेली ताबीच होती. साधनेचे फळ पुष्कळदा असे दुसऱ्याच्या ओटीत पडते. त्याने ते कमी गोड होत नाही.

शेवटचा प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा आहे. स्वीडनच्या ऑलिंपिक मंडळींनी १९१२ च्या खेळांचा पंचावन्नावा वाढदिवस साजरा करताना या 'बेपत्ता' धावपटूस निमंत्रण दिले. २० मार्च १९६७ रोजी पंचाहत्तर वर्षांचे कानाकुरी त्याच स्टॉकहोमच्या क्रीडांगणात धावत आले व त्यांनी अंतिम फीत तोडली. वेळ जाहीर झाली: ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे व २०.३ सेकंद. प्रवास फार लांबला, वाटेत लग्न झाले, सहा मुले झाली, नातवंडे झाली, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी हसत हसत काढले. १९८३ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

आता यातून आपण काय घ्यावयाचे? प्रथम धावणाऱ्या तरुणांसाठी. पहिल्या मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी शिशासारखे जड होतात; याचे कारण बहुधा सुरुवातीची घाई असते. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर मर्यादित आहे. जो आरंभी उधळपट्टी करतो, त्याला शेवटी उसनवारी मिळत नाही. दुसरी गोष्ट: छाती व श्वास काही आठवड्यांत तयार होतात, हाडे व स्नायूंना जोडणाऱ्या शिरा यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणून दम म्हणतो "चल", आणि नडगी म्हणते "नको". अशा वेळी नडगीचे ऐकावे. आठवड्याचे अंतर थोडेथोडेच वाढवावे आणि तीन आठवडे वाढविल्यावर चौथ्या आठवड्यात कमी करावे. बहुतेक धावणे बरोबरच्याशी बोलता येईल इतक्या संथपणे व्हावे. शर्यतीनंतर दोन-तीन आठवडे शरीराला सावरू द्यावे. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात पहाटेच धावावे. तहानेप्रमाणे पाणी प्यावे व मिठाचा विसर पडू देऊ नये. भीतीपोटी नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक आहे, कारण त्याने रक्तातील मीठ पातळ होते. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तेथेच थांबावे, डॉक्टरांकडे जावे, आणि मुख्य म्हणजे थांबलो हे कोणाला तरी सांगावे. थेंबे थेंबे तळे साचे, हीच धावण्याची सारी विद्या आहे.

दुसरे आईबापांसाठी. १९२० नंतर कानाकुरी मुलींच्या शाळेत शिकवू लागले व मुलींनी मैदानावर यावे म्हणून त्यांनी खटपट केली. आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याची वाण, तेथील मुलगी हे करू शकते. तेव्हा "मुलीच्या जातीला हे कशाला" हा प्रश्न आता आपल्या घरातून हद्दपार व्हावा.

तिसरे आपणां वडीलधाऱ्यांसाठी, आणि यासाठीच मी आज उभा राहिलो आहे. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. तो केलाच पाहिजे. परंतु जो मुलगा दहावीत किंवा बारावीत नापास होतो, ज्या मुलीची वैद्यकीची प्रवेशपरीक्षा हुकते, ती मुले त्या वर्षी संमेलनाला दिसत नाहीत. आईबाप येतात आणि "त्याला जरा बरे नाही" असे सांगतात. शाळेत असताना मी अशी मुले पाहिली आहेत. निकालानंतर ती मोठा रस्ता सोडून मागच्या बोळाने जात. काही मुलांनी तर जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या बातम्या आपण दर निकालाच्या वेळी वर्तमानपत्रांत वाचतो. ही मुले शर्यत हरलेली नसतात. ती बेपत्ता झालेली असतात, आणि त्यांना शोधावयास कोणी गेलेले नसते. सोलेन्तुनाच्या त्या कुटुंबाने दमलेल्या परक्या मुलाला "कितवा आलास?" असे विचारले नाही, आधी सरबत दिले. आपल्या ओळखीच्या, आपल्या रक्ताच्या मुलांसाठी आपण एवढेही करू नये काय?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत पहिल्या प्रयत्नात अपयश येऊन नंतर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचाही समावेश व्हावा, आणि ते नाव कमी आवाजात वाचले जाऊ नये. दोन, एका परीक्षेत अपयश आले म्हणून शिष्यवृत्ती तत्काळ बंद न करता आणखी एक वर्ष चालू ठेवावी. कानाकुरीच्या वर्गणीदारांनी स्टॉकहोमनंतर हिशेब मागितला असता, तर हाकोनेची शर्यत जन्मासच आली नसती. तीन, निकालाच्या दिवशी ज्या घरात आनंद नसेल, त्या घरी संस्थेच्या दोन जाणत्या सभासदांनी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, मुलाशी बोलावे व परत यावे.

हाकोनेच्या शर्यतीत एक नियम आहे. आधीचा धावपटू ठराविक वेळेत पोहोचला नाही, तर पुढच्याला दुसरा पट्टा बांधून निघावे लागते. मागे राहिलेला मुलगा मात्र धावतच असतो, आणि तो चौकीवर कोसळत आला की त्याचे सोबती त्याला सावरावयास तेथे उभे असतात. ज्ञातिसंस्था म्हणजे तरी दुसरे काय? पुढे गेलेल्यांचे कौतुक करावयाला गाव असते. मागून येणाऱ्याची वाट पाहावयाला आपली माणसे लागतात.

चिटणीसांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा माझी शर्यत येथेच पुरी करतो व आपणां सर्वांच्या मुलाबाळांना दीर्घ दमाचे आयुष्य लाभो, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.